हॉवर्ड डीन ओरडण्याच्या आधीच हरला होता

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की तो व्हिडिओ परत फिरायला लागतो. बाह्या वर केलेला, चेहरा लालबुंद झालेला एक माणूस माईक हातात धरून एकामागोमाग एक राज्यांची नावं घेत सुटलाय आणि शेवटी घशातून एक विचित्र आवाज काढतो. खाली हमखास लिहिलेलं असतं की या एका किंकाळीने याचं राष्ट्राध्यक्षपद गेलं. मराठी ग्रुपवरसुद्धा येतो हा व्हिडिओ, "बघा, नेत्याने तोंड कसं सांभाळायला पाहिजे" अशा उपदेशासकट. मला दर वेळी मनापासून राग येतो. कारण हे खरं नाहीये, आणि खरं नाहीये हे नुसत्या तारखा बघितल्या तरी कळतं.

भाषण आहे १९ जानेवारी २००४ च्या रात्रीचं, आयोवातल्या वेस्ट डे मॉइनच्या व्हॅल-एअर बॉलरूममधलं. डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत मत घेऊन ठरतो, त्यात तेव्हा पहिला नंबर आयोवाचा, आणि त्या वेळी आयोवाचा निकाल लागून झाला होता. जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, हॉवर्ड डीन १८. म्हणजे हा माणूस ओरडला तो हरल्यावर ओरडला. बरं, निकाल अचानक आला असंही नाही. आदल्या दिवशीच्या रविवारी डे मॉइन रजिस्टर या तिथल्या मोठ्या पेपरने आपला पोल छापला होता त्यात केरी २६, एडवर्ड्स २३, डीन २० आणि डिक गेपहार्ट १८. त्या पोलच्या दोनेक आठवडे आधीपर्यंत सगळे धरून चाललेले की खरी लढत डीन आणि गेपहार्टमध्ये आहे, बाकीचे भरतीचे. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या मधल्या दिवसांत झालं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्याचा व्हिडिओ नाही.

मी तेव्हा आयोवातच शिकत होते, एम्स नावाच्या गावी. मत नव्हतं अर्थातच, स्टुडंट व्हिसावरची पोरं आम्ही, पण तो हिवाळा मी खूप जवळून बघितला आणि डीन मला मनापासून आवडायचा, अजूनही आवडतो. म्हणून हे एकदा सविस्तर लिहायचं होतं.

आधी हा माणूस कोण ते सांगते, कारण त्या व्हिडिओमुळे लोकांना वाटतं कोणी तरी माथेफिरू होता. डीन पेशाने डॉक्टर, व्हरमाँटचा. व्हरमाँट म्हणजे सहा लाख वस्तीचं छोटंसं राज्य. १९९१ मध्ये तिथले गव्हर्नर अचानक वारले आणि उपगव्हर्नर असलेला डीन गव्हर्नर झाला, आणि मग २००३ च्या जानेवारीपर्यंत तोच होता. खर्चाच्या बाबतीत कडक, बजेट बॅलन्स ठेवणारा, बंदुकांच्या बाबतीत तर एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेला चालणारा. २००० साली त्याने समलिंगी जोडप्यांना लग्नासारखे हक्क देणाऱ्या सिव्हिल युनियनच्या कायद्यावर सही केली, देशातला पहिला असा कायदा, आणि त्यासाठी राज्यात खूप शिव्या खाल्ल्या. ही एक गोष्ट सोडली तर त्याला डावा म्हणावं असं त्याच्या कारकिर्दीत फारसं नव्हतं. तो डावा 'दिसायला' लागला तो इराकमुळे.

ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर कारवाईचा अधिकार बुशला द्यायचा ठराव आला तेव्हा केरी, एडवर्ड्स, गेपहार्ट, लीबरमन, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं बघणारे काँग्रेसमधले हे सगळे मोठे डेमोक्रॅट, बाजूने मत देऊन बसले. साध्या डेमोक्रॅटिक मतदाराला हे पार लागलेलं. २००० ची निवडणूक फ्लोरिडात गेली, मग ११ सप्टेंबर झालं, मग २००२ च्या निवडणुकीतही पक्ष आपटला, आणि आपलेच नेते बुशला हो ला हो करतायत. त्यात २१ फेब्रुवारी २००३ ला पक्षाच्या हिवाळी बैठकीत हा फारसा कोणाला माहीत नसलेला डॉक्टर उभा राहिला आणि त्याने थेट विचारलं की पक्षाचे नेते राष्ट्राध्यक्षाच्या एकतर्फी युद्धाला पाठिंबा का देतायत, करकपातीला का देतायत. मी पक्षाच्या डेमोक्रॅटिक बाजूचा प्रतिनिधी आहे, असं म्हणाला. पॉल वेलस्टोन या सिनेटरची ही ओळ, जो काही महिन्यांपूर्वीच विमान अपघातात गेला होता. सभागृहातल्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. वर्षभर मनात कोंडलेलं कोणी तरी मोठ्याने बोलून दाखवलं.

आणि मग तो उन्हाळा. मी कम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी होते, आमच्या डिपार्टमेंटमध्ये याचीच चर्चा. जो ट्रिपी नावाचा त्याचा कॅम्पेन मॅनेजर, त्याने इंटरनेटवर जे काही आपोआप होत होतं ते होऊ दिलं, अडवलं नाही. मीटअप नावाची साइट होती, तिच्यावर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी ठिकठिकाणी कॉफीशॉपमध्ये, लायब्ररीत अनोळखी लोक डीनसाठी जमायचे. ब्लॉग होता, त्यावर शेकड्याने कॉमेंट. पैसे जमवायचं टार्गेट दाखवायला वेबसाइटवर बेसबॉलच्या बॅटचं चित्र लावलेलं, पैसे येतील तशी बॅट भरत जायची. जुलै २००३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी दोन हजार डॉलर ताटाचं जेवण ठेवून पैसे गोळा करत होते, त्याच वेळी डीन कम्प्युटरसमोर बसून टर्की सँडविच खातोय आणि लोक पंचवीस-पन्नास डॉलर टाकतायत, आणि चेनींच्या जेवणापेक्षा जास्त पैसे त्या सँडविचला जमले! जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत १ कोटी ४८ लाख डॉलर, डेमोक्रॅटिक उमेदवाराचा तिमाहीतला तोपर्यंतचा विक्रम, आणि सरासरी देणगी शंभर डॉलरच्याही आत. आज हे सगळं नेहमीचं वाटतं पण फेसबुक, यूट्यूब, ट्विटर यातलं तेव्हा काहीही नव्हतं.

ऑगस्टमध्ये टाइम आणि न्यूजवीक दोघांच्या कव्हरवर. नोव्हेंबरात दोन मोठ्या युनियन्सचा पाठिंबा. ९ डिसेंबरला पक्षाचा २००० चा उमेदवार, खुद्द अल गोरने हार्लेममध्ये येऊन पाठिंबा दिला, आणि ते करताना स्वतःचा तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार जो लीबरमन याला आधी सांगितलंसुद्धा नाही. न्यू हॅम्पशायरच्या पोलमध्ये वीस टक्क्यांहून जास्त आघाडी. सगळे म्हणत होते झालं, उमेदवारी याचीच.

मग सहा आठवड्यांत काय बिनसलं?

माझं मत असं आहे की डीन ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्नच संपला, आणि तो त्यानेच संपवला. २००३ च्या वसंतात डेमोक्रॅटिक मतदार विचारत होता, बुशच्या समोर उभं राहायची हिंमत कोणात आहे? उत्तर एकच होतं. पण डीनला मिळणारा प्रतिसाद बघून बाकीचेही बोलायला शिकले. ऑक्टोबर २००३ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या खर्चाचं बिल आलं तेव्हा केरी आणि एडवर्ड्स दोघांनी विरोधात मत दिलं. युद्धाला हो म्हणणारे हेच दोघं! डिसेंबरपर्यंत प्रत्येक उमेदवाराच्या भाषणात बुशवर तोच जाळ होता. मग मतदाराने पुढचा प्रश्न विचारला, जो त्याच्या दृष्टीने आता जास्त महत्त्वाचा होता: बुशला हरवणार कोण? आणि या प्रश्नाला डीनकडे नीट उत्तर नव्हतं. कॉकसच्या, म्हणजे आयोवातल्या उमेदवार निवडायच्या सभांच्या, दारावर जो पोल घेतला त्यात साधारण चारातले तीन लोक युद्धाच्या विरोधात होते, आणि तरीही त्या युद्धविरोधी लोकांमध्येही केरी डीनच्या पुढे होता. हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. लोक डीनचं म्हणणं नाकारत नव्हते. त्याचं म्हणणं पटलं होतं, आता ते म्हणणं घेऊन जिंकेल असा माणूस हवा होता. शिवाय नोकऱ्या आणि आरोग्यविमा हे मुद्दे तोपर्यंत आयोवात युद्धाच्या पुढे गेले होते.

बुशला हरवायचं म्हणजे सुरक्षेच्या मुद्द्यावर टिकायला पाहिजे, ११ सप्टेंबरला अडीच वर्षंही झाली नव्हती. आणि नेमक्या याच बाबतीत डीनची वाक्यं एकामागोमाग एक अडचणीची निघाली. १३ डिसेंबरला सद्दाम पकडला गेला. दोन दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये परराष्ट्र धोरणावर डीनचं मोठं भाषण ठरलेलं, चांगलं तयार केलेलं भाषण, त्यात त्याने म्हटलं की सद्दामला पकडल्याने अमेरिका जास्त सुरक्षित झालेली नाही. पुढच्या वर्षांत इराकमध्ये जे घडलं ते बघता तो बरोबरच होता, पण त्या आठवड्यात टीव्हीवर दाढी वाढलेला सद्दाम तोंड उघडून डॉक्टरला दात दाखवतोय आणि देश आनंदात आहे, तेव्हा ते वाक्य कानाला कसं लागलं असेल? बिन लादेनबद्दल, खटला व्हायच्या आधी त्याचा गुन्हा गृहीत धरू नये अशा अर्थाचं बोलला. त्याआधी नोव्हेंबरात, पिकअप ट्रकवर कॉन्फेडरेट झेंडा लावणाऱ्यांचाही मी उमेदवार व्हायला हवं असं बोलून बसला. त्याचा मुद्दा होता गरीब गोऱ्या दक्षिणी मतदारांना पक्षाने सोडू नये हा, अगदी योग्य मुद्दा, पण झेंडा गुलामगिरीचा, शेवटी खेद व्यक्त करावा लागला.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर कोणत्याही वाक्याने कोणी हरत नाही. पण आयोवाचा शेतकरी किंवा शाळेतली शिक्षिका त्या वाक्याबद्दल स्वतःचं मत बनवत नव्हती, ती मनात विचार करत होती की ऑक्टोबरात बुशची माणसं याची जाहिरात कशी बनवतील. मतदार स्वतः मतदार राहिला नाही, तो दुसऱ्या मतदाराच्या डोक्याने विचार करायला लागला. पक्षाचा उमेदवार निवडायच्या प्रायमरीत हे फार होतं, आणि यात जो उमेदवार मनाला सगळ्यात जास्त भिडलेला असतो त्याचंच नुकसान होतं, कारण माणसाला वाटतं, मला आवडला म्हणजे ओहायोसारख्या अटीतटीच्या राज्यातल्या त्या काठावरच्या माणसाला आवडणार नाही.

त्यात गेपहार्टची मारामारी. गेपहार्ट शेजारच्या मिझुरीचा, १९८८ मध्ये आयोवा जिंकलेला, जुन्या कारखान्यांच्या युनियन्स त्याच्या मागे, आणि त्याला आयोवा हरून चालणारच नव्हतं. त्याने उकरून काढलं की १९९५ मध्ये डीन मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, खर्च कमी वेगाने वाढावा या मताचा होता. आयोवात म्हातारी माणसं भरपूर, कॉकसला तर तीच जास्त जातात, त्यांना मेडिकेअर म्हणजे जीव की प्राण. डीनने उलट गेपहार्टच्या युद्धाच्या मतावर जाहिराती सोडल्या. बाहेरून क्लब फॉर ग्रोथ नावाच्या उजव्या संघटनेची एक जाहिरात आली, त्यात एक जोडपं डीनला सांगतं की तुझी ती लाटे पिणारी, सुशी खाणारी, व्हॉल्वो चालवणारी मंडळी घेऊन व्हरमाँटला परत जा. जानेवारीत टीव्ही लावला की हे सुरू. आमच्या अपार्टमेंटमध्ये बातम्या बघायच्या म्हणजे आधी या दोघांचं भांडण बघायचं. केरी आणि एडवर्ड्स त्या वेळी बाजूला उभे होते, आणि एडवर्ड्सने तर ठरवूनच कोणावर टीका करायची नाही असं ठेवलेलं, त्याचा त्याला प्रचंड फायदा झाला. गेपहार्ट ११ टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर. दोघांनी एकमेकांना संपवलं.

८ जानेवारीला एनबीसी चॅनेलने जुन्या टेप काढल्या. डीन आधी एका कॅनेडियन टीव्ही कार्यक्रमात नेहमी जायचा, तिथे २००० मध्ये म्हणाला होता की आयोवाच्या कॉकसवर हितसंबंधी गटांचा ताबा असतो. आयोवाचे लोक आपल्या कॉकसबद्दल किती हळवे आहेत हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा चार वर्षांतून एकदा सगळा देश त्यांच्याकडे यायचा, उमेदवार त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ॲपल पायसारखं घरचं गोडधोड खायचा, आणि ते ही जबाबदारी खरोखर मनावर घ्यायचे, तास तास प्रश्न विचारायचे. त्यांना हे ऐकायला मिळालं.

आणि ११ जानेवारीला ओलवाइन नावाच्या गावी सभेत एक वयस्कर गृहस्थ उठले, रिपब्लिकन होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की बुशवर इतकं वाईटसाईट बोलू नका, शेजाऱ्यावर प्रेम करावं. डीन म्हणाला बुश माझा शेजारी नाही. ते मध्ये बोलायला लागले तर म्हणाला, तुम्ही खाली बसा, तुमचं बोलून झालंय, आता मी बोलणार. सभेत टाळ्या पडल्या म्हणे. पण ते टीव्हीवर आलं आणि आयोवात म्हाताऱ्या माणसाला 'खाली बसा' म्हणणं... तिथली माणसं बर्फात गाडी अडकली की न सांगता येऊन ढकलून देतात आणि नावही न सांगता निघून जातात, अशा लोकांत हे चालत नाही. मला विचाराल तर किंकाळीपेक्षा हे वाक्य जास्त महाग पडलं. आणि त्या दिवशी संध्याकाळी डिबेटमध्ये अल शार्प्टन या काळ्या उमेदवाराने विचारलं की व्हरमाँटच्या तुमच्या कॅबिनेटमध्ये कोणी काळे किंवा लॅटिनो होते का, आणि डीनला नाही असंच सांगावं लागलं. एकाच दिवसात दोन फटके.

आता कार्यकर्त्यांबद्दल लिहायचंय आणि हे लिहिताना मला अजूनही वाईट वाटतं, कारण ती माझ्याच वयाची पोरं होती. शेवटच्या आठवड्यांत देशभरातून साडेतीन हजाराच्या आसपास स्वयंसेवक आयोवात आले, 'परफेक्ट स्टॉर्म' नाव दिलेलं त्याला, डोक्यावर सगळ्यांच्या भडक केशरी टोप्या. स्वतःच्या पैशाने आलेली पोरं, जिथे जागा मिळेल तिथे झोपायची, उणे तापमानात दारोदार फिरायची. काय कमिटमेंट होती! पण आयोवातल्या बाईने दार उघडलं की समोर कॅलिफोर्नियाचा किंवा टेक्ससचा अनोळखी मुलगा, तो सांगतोय की डीनने *माझं* आयुष्य कसं बदललं. तिला त्याच्या आयुष्याचं काय? तिला शेजारीण काय म्हणते ते हवं होतं. त्या उन्हाळ्यात मीटअपला जमलेल्या लोकांनी आयोवाच्या मतदारांना हजारो पत्रं हाताने लिहिली होती, किती सुंदर कल्पना, पण ती पत्रंही बाहेरूनच आलेली. चळवळीतल्या लोकांना एकमेकांमध्ये जे सापडलं होतं, ती सोबत, तो विश्वास, तो खरा होता, फक्त तो चळवळीच्या बाहेरच्या माणसाला देता येत नव्हता. आणि नेटवर रोज वाढणारे आकडे बघून आतल्यांना वाटायचं की आयोवाही असाच वाढतोय. केरीकडे मात्र मायकल व्हूली नावाचा जुना मुरलेला संघटक होता, त्याने गावोगावची स्थानिक, ओळखीची माणसं पकडली.

कॉकसमध्ये हे का इतकं महत्त्वाचं ते न बघितलेल्याला कळणं अवघड आहे. तिथे डेमोक्रॅट्सचं गुप्त मतदान तेव्हा नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या जिममध्ये, चर्चमध्ये गावातले लोक जमायचे, आपल्या ग्रामसभेसारखं, आणि ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्या कोपऱ्यात जाऊन शरीराने उभं राहायचं. सगळ्यांसमोर. ज्या उमेदवाराच्या गटात साधारण १५ टक्के लोक नसायचे तो गट बाद, मग त्यातल्या लोकांना दुसऱ्या गटांनी ओढायचं. म्हणजे तुम्ही किती जणांची पहिली पसंती आहात एवढंच पुरायचं नाही, दुसरी पसंती किती जणांची आहात त्यावर खेळ ठरायचा.

मी आणि माझी रूममेट त्या रात्री एम्समधल्या एका शाळेत बघायला गेलो होतो, बघायला येऊ देतात. युनिव्हर्सिटीचं गाव, त्यामुळे डीनचा कोपरा तसा भरलेला, पण बहुतेक सगळे आमच्याच वयाचे. गेपहार्टचा गट लहान होता, पुरे होईनात, आणि त्यांच्यातली एक बाई, युनियनचं जॅकेट घातलेली, बराच वेळ मधोमध उभी राहिली. डीनच्या पोरांनी तिला सगळे मुद्दे सांगितले, एक जण तर कागद घेऊन वाचून दाखवत होता. मग एडवर्ड्सच्या गटातून तिच्या ओळखीची कोणी तरी आली, काही मुद्दा बिद्दा नाही, हात धरला आणि "चल गं, इकडे ये" अशा अर्थाचं काहीसं बोलून घेऊन गेली. डेनिस कुसिनिच या आणखी एका उमेदवारानेही त्या दिवशी आपल्या लोकांना सांगून ठेवलेलं की आपला गट बाद झाला तर एडवर्ड्सकडे जा. कुसिनिच हा सगळ्यात कट्टर युद्धविरोधी, त्याचे लोक युद्धाला हो म्हणणाऱ्या एडवर्ड्सकडे गेले! डीनवर जे प्रेम करायचे ते जीव तोडून करायचे, पण बाकीच्यांची दुसरी पसंती तो क्वचितच होता. आघाडीवर असलेल्याला हे नेहमीच जड जातं, त्यात त्याने सहा महिने पक्षातल्या सगळ्यांना भित्रे म्हटलेलं, मग त्या 'भित्र्यां'चे पाठीराखे आनंदाने त्याच्याकडे कशाला येतील?

केरीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, नाही तर हे एकतर्फी होईल. नोव्हेंबरात तो जवळजवळ संपला होता, मॅनेजर बदलला, बॉस्टनचं घर गहाण टाकून ६४ लाख डॉलर उभे केले, आणि सगळं आयोवावर लावलं. कॉकसच्या दोन दिवस आधी जिम रॅसमन आला. व्हिएतनाममध्ये केरीने नदीतून ओढून ज्याला वाचवलं होतं तो माणूस, रिपब्लिकन, तो आपणहून येऊन स्टेजवर केरीला भेटला. 'बुशला कोण हरवेल' या प्रश्नाचं उत्तर त्या स्टेजवर उभं होतं. डीनकडे असं काही नव्हतं. त्याची बायको, तीही डॉक्टर, पेशंट सोडून प्रचारात यायला तयार नव्हती, ती पहिल्यांदा आयोवात आली ती १८ तारखेला. मला तिचं ते वागणं फार पटतं खरं तर, पण लोकांना उमेदवाराचा माणूसपणा दाखवणारं कोणीच इतके महिने शेजारी नव्हतं, फक्त रागावलेला डीन होता.

पैशाचं थोडक्यात: वर्षभरात चार कोटी डॉलरच्या आसपास जमवले आणि न्यू हॅम्पशायर होईस्तोवर ते जवळपास संपले होते. २७ जानेवारीला तिथे केरी ३८, डीन २६. दुसऱ्या दिवशी ट्रिपी गेला, स्टाफला पगार पुढे ढकलायला सांगितलं. पंचवीस-पंचवीस डॉलर देणाऱ्यांचे ते पैसे होते.

आणि तो आवाज? हॉलमध्ये साडेतीन हजार दमलेली, रडवेली पोरं होती, त्यांना धीर द्यायला तो स्टेजवर गेला, गोंधळ इतका की त्याचं बोलणं तिथे उभ्या असलेल्यांना धड ऐकू येत नव्हतं. हातातला माईक बाजूचा आवाज गाळणारा होता, त्यामुळे टीव्हीवर फक्त त्याचा एकट्याचा आवाज गेला. नंतर एबीसीवर डायन सॉयरने गर्दीतल्या कॅमेऱ्यांचं फुटेज दाखवलं, त्यात ती किंकाळी जेमतेम कळते. पण तोपर्यंत चार दिवसांत ती क्लिप राष्ट्रीय चॅनेल्सवर ६३३ वेळा दाखवून झाली होती. तिने नुकसान केलं, नाही असं मी म्हणत नाही. तिने परतीचा रस्ता बंद केला. महिनाभर ज्या मतदाराला हा माणूस तापट आहे का अशी शंका होती त्याला पुरावा मिळाला. पण शंका आधीची होती.

१७ फेब्रुवारीला विस्कॉन्सिनमध्ये तिसरा आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्रचार थांबवला. मार्चच्या २ तारखेला व्हरमाँटने तरीही त्यालाच जिंकवलं. पुढे २००५ ते २००९ तो पक्षाचा अध्यक्ष झाला आणि पन्नासच्या पन्नास राज्यांत माणसं नेमायची म्हणून हट्ट धरला, पक्षातल्याच दिग्गजांशी त्यावरून भांडला. २००८ मध्ये ओबामाने छोट्या देणग्या, नेटवरची संघटना हे सगळं घेतलं, आणि आयोवात मात्र स्थानिक माणसांवर महिनोन्‌महिने मेहनत घेतली, डीनकडून जे राहून गेलं होतं तेच.

आणि ज्याला 'निवडून येईल' म्हणून घेतला त्या केरीचं काय झालं ते बघा. व्हिएतनामचा जो भाग त्याची ढाल होता त्यावरच ऑगस्टमध्ये 'स्विफ्ट बोट' नावाच्या माजी सैनिकांच्या गटाने त्याच्याविरुद्ध जाहिराती सोडल्या. आणि ८७ अब्जाच्या ज्या बिलाला त्याने डीनच्या धाकाने विरोध केला, त्याबद्दल मार्चमध्ये तो बोलून गेला की विरोधात मत देण्याआधी मी बाजूनेही मत दिलं होतं, आणि बुशने ते वाक्य नोव्हेंबरपर्यंत वाजवलं. खुद्द आयोवा बुशने दहा हजार मतांच्या फरकाने घेतलं. डीन उमेदवार असता तर जिंकला असता असं मला वाटत नाही, त्याच्या तोंडाला आवर नव्हता आणि ते जगजाहीर होतं. पण त्या जानेवारीत आयोवाच्या लोकांनी जो हिशेब करून त्याला सोडलं तो हिशेब चुकला होता, आणि हे त्या व्हिडिओखाली कधीच कोणी लिहीत नाही.